अकरा दिवस पाणी बंद

मोठी वाहिनी फुटली त्याला आज अकरावा दिवस.
सीबच्या किनाऱ्यावरचं हे गवत
पहिल्यांदाच आपला खरा रंग दाखवतंय:
धुऊन धुऊन फिकटलेल्या मांजरपाटाचा.
सभासदांनी नाकं मुरडली, बुकिंगं रद्द केली.
म्हणून सोमवारी मैदान आमचं.
मी, पाणी सोडणारा.
खल्फान, कापणीच्या यंत्रांचा मुकादम.
वसईचा रेमंड तुस्कानो, भांडारातला.
आणि दिलरुक्षी, कोलंबोची,
जी दुकानात हातमोजे विकते
आणि आम्हा तिघांहून लांब मारते.

पहिला चेंडू मी मारला, उसन्या सात नंबरनं.
उडाला कमी. पडला.
आणि पडल्यावर थांबायचं विसरला.

टण्णकन वाजली जमीन!
आठ वर्षं मीच तिला भिजवत आलो,
इतकी, की चेंडू शेणात पडल्यासारखा
जिथल्या तिथं बसायचा
आणि लोक म्हणायचे, वा, काय अचूक.
आज प्रत्येक उंचवटा बोलतोय.
एरवी दिसतही नव्हते ते बारके चढ
चेंडूला खांद्यावरून ढकलतात,
तुझी वाट इकडं नाही बाबा, तिकडं.

हे मला येतं.
हे मी म्हसवडच्या शाळेमागं शिकलोय,
चैतात तापून कवड्यासारख्या झालेल्या मातीत:
गोटी गलीकडं नेमायची नसते,
उताराकडं नेमायची.
चुकलं तर ढोपरानं ढकलत न्यायची, साल निघेस्तोवर.
माझ्या डाव्या कोपरावर अजून आहे तो डाग.

बाराव्याला समुद्र एकदम अंगावर येतो.
खाली वाळूत कोळ्यांनी तारल्या वाळत घातल्यात,
वारा फिरला की वास वर चढतो.
रेमंड डोळे मिटून तो घेतो, बोलत नाही.
दिलरुक्षीनं थेट झेंड्यावर मारला, देखणा,
ग्रीनवरून एक उडी, आणि थेट खडकांत.
सिंहलीत ती काय म्हणाली ते कळलं नाही, पण कळलं.

खल्फाननं ऐंशी पावलांवरून पटर काढला.
आम्ही हसलो.
त्यानं झेंड्याकडं पाहिलंच नाही.
डावीकडं, डोंगराच्या बाजूला, ढकलल्यासारखा मारला.
चेंडू बंकरच्या ओठावरून गेला,
थकला, वाकला,
समुद्राकडं वळला,
आणि गलीपासून वीतभर येऊन थांबला.
"आमच्या गावात फलजचं पाणी असंच येतं," तो म्हणाला,
"कुणी ढकलत नाही."
त्याचा चुलता रात्री ताऱ्यांवरून
पाण्याच्या पाळ्या मोजायचा.
कुठला तारा कुणाच्या खजुरांचा, हे गावाला पाठ.
मी म्हटलं, माझे वडील पाटकरी.
रात्री दोनची पाळी असली की
बॅटरी आणि दाराची चावी घेऊन निघायचे,
मी मागून, झोपेत चालत.
पाणी चाऱ्यात शिरताना
आधी कोरडा पाचोळा पुढं सरकायचा,
त्याचा आवाज.
खल्फान म्हणाला, हो, तो आवाज.
मग पटर पुसून त्यानं वीतभर अंतर चुकवलं.

सतराव्यावर फोन आला.
वाहिनी जोडली. सहाला पाणी सोडा.
रेमंड म्हणाला, देवा, आत्ताच?
आम्ही घाई केली नाही.
मावळतीला सगळं मैदान
ताणून बसवलेल्या चामड्यासारखं झालं होतं,
चालताना पावलं ऐकू येत होती, आठच्या आठ.

सहाला मी खोलीत जाऊन कळा दाबल्या.
एक ते सतरा.
तोट्या डोकं वर काढून खोकल्या,
आधी हवा थुंकल्या, मग गंज, मग पाणी.
बाहेर अठराव्यावर दिलरुक्षी अजून वाकून
उतार वाचत होती, पंधरा फुटांवरून.

अठरावा वाल्व मी नऊ मिनिटं उशिरा उघडला.
नोंदवहीत लिहिलं:
हवा अडकली होती.